पाय थांबला की उत्तर बरोबर

मला एका जागी बसता येत नाही. लहानपणापासूनच नाही. जेवताना, अभ्यास करताना, नुसती टीव्हीसमोर बसले तरी माझा उजवा पाय हलत असतो, आणि तो हलतोय हे मला सोडून सगळ्या घराला कळत असतं. सिल्वासाजवळच्या अथाल गावात चाळीतली आमची खोली एवढीशी, त्यात लोखंडी कॉट. मी कॉटवर बसले की कॉट करकर वाजायची. आई ओट्यापाशी पोळ्या लाटता लाटता ओरडायची, "पाय नको हालाडू वं, घरमा दलिंदर येस!" बाबा शेजारच्या सायली गावात सुताच्या कारखान्यात मशीनवर. रात्रपाळी करून आले की दिवसा झोपायचे, आणि डोळे न उघडताच म्हणायचे, "तिले बाहेर काढा." मग मी पायरीवर जाऊन बसायचे आणि तिथे पाय हलवायचे.

अशा मुलीला आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमनी गप्प बसायचं काम दिलं.

मी तेव्हा सिल्वासातच बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पहिल्या वर्षाची निम्मी पोरं दरवर्षी केमिस्ट्रीत आपटायची. कारण सगळ्यांना माहीत होतं. कोणी गुजराती माध्यमातून आलेला, कोणी हिंदी, कोणी मराठी, आणि वर्गात एकदम सगळं इंग्रजीतून. पोरं फळ्यावरचं उतरवून घ्यायची आणि मान हलवायची. मॅडम मूळच्या सिंधुदुर्गातल्या, नोकरीनिमित्त इथे आलेल्या. त्यांनी त्या वर्षी गट सुरू केले. पहिल्या वर्षाची सहा-सहा पोरं एकत्र बसवायची, त्यांना गणितं द्यायची, आणि गटावर शिक्षक नेमायचा नाही, दुसऱ्या वर्षातलं कोणीतरी नेमायचं. त्या गणितांची उत्तरं कुठेही छापलेली नसायची. पोरांनी आपसात भांडून ती काढायची, आणि आमच्यासारख्यांनी फक्त ती भांडतायत ना एवढं बघायचं.

नियम कडक होते. उत्तर सांगायचं नाही. बरोबर म्हणायचं नाही, चूकही म्हणायचं नाही. पेन हातात घ्यायचं नाही. विचारायचं ते एवढंच: तुला असं का वाटतं?

"मॅडम, मग मी करायचं काय?" मी विचारलं.

"बसायचं," मॅडम म्हणाल्या. "तेवढंच तुला येत नाही, म्हणून तर तुला घेतलं."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण हो म्हटलं, कारण मॅडमना नाही म्हणायची हिंमत आमच्यात कोणाचीच नव्हती.

माझ्या गटात एक मुलगा होता फरसाणवाल्यांचा. घरचं दुकान, घरची भाषा गुजराती, तोंड सतत चालू. दुसरा एक होता, त्याचे वडील उत्तर प्रदेशातून येऊन इथल्या कंपनीत लागलेले; तो चुकला तरी इतक्या खात्रीने चुकायचा की आपल्यालाच आपली शंका यावी. तिघं अशी होती की बोलणाऱ्याच्या बाजूने मान हलवायची. आणि एक मुलगी होती, खानवेलच्याही पुढच्या पाड्यावरची. घरी वारली बोलणारी, शाळा मराठी माध्यमाची. ती कोपऱ्यातली खुर्ची धरून बसायची आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहायची.

तिचं प्रकरण मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पहिल्या सत्रात ती केमिस्ट्रीत नापास झाली होती, लेखीतही आणि प्रॅक्टिकलमध्येही. ती राहायची त्या मुलींच्या हॉस्टेलचा नियम होता की लागोपाठ दोन सत्रं एकाच विषयात नापास झालं की जागा जाते. तिच्या पाड्यावरून सकाळच्या तासाला पोचेल अशी बसच नव्हती. म्हणजे हॉस्टेल गेलं की कॉलेज गेलं. आणि तिच्या घरी सांगून ठेवलेलं होतं की परत आलीस तर मग घरचंच बघायचं.

"तिला पास कर असं मी म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या होत्या. "तिला बोलतं कर."

मला मात्र ऐकू आलं ते 'पास कर' एवढंच. डोक्यात तेवढंच घेऊन मी बसले.

पहिले काही आठवडे माझ्या जिवाची काय घालमेल व्हायची! डोळ्यांदेखत पोरं ग्रॅमला रेणुभाराने भागायच्या ऐवजी गुणतायत, आणि मी हातावर हात ठेवून बसलेली. जीभ दातांखाली धरायची. तोंड एकदम दगडासारखं ठेवायचं, कारण मॅडमनी बजावलं होतं की चेहऱ्यावरही काही दिसता कामा नये. ते मला जमलं. आरशासमोर उभं राहून मी ते शिकले होते. भुवई हलत नव्हती, ओठ हलत नव्हते. मला माझा अभिमान वाटायला लागला होता.

आणि गट खरंच चालायला लागला. फरसाणवाला सुरुवात करायचा, "आ तो सिम्पल छे." हिंदीवाला म्हणायचा, "नहीं भाई, उल्टा है." दोनचार उत्तरं पडायची टेबलावर, आणि मग थोड्या वेळाने सगळे मिळून एका उत्तरावर यायचे, आणि ते बरोबर असायचं. दरवेळी. खानवेलकडची ती मुलगीसुद्धा बोलायला लागली. अगदी हळू आवाजात, पण बोलायची, आणि बऱ्याचदा शेवटचं बरोबर उत्तर तीच द्यायची. मी घरी आईला सांगितलं की माझा गट कॉलेजात सगळ्यात पुढे आहे. आई म्हणाली, "मंग आते तरी जराशी नीट बस."

मॅडमनी चाचणी घेतली. गणितं जवळजवळ तीच, आकडे तेवढे बदललेले. माझा अख्खा गट झोपला. फरसाणवाला कसाबसा तरला, बाकी सगळे गेले, आणि ती मुलगी तर सगळ्यात खाली. कोरा कागद नव्हता तिचा. तिने प्रत्येक गणिताला तीन-तीन उत्तरं लिहिली होती, एकाखाली एक, आणि एकही खोडलेलं नव्हतं.

मॅडम मला रागावल्या नाहीत. त्यांनी तिचा पेपर माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "हिला यातलं कुठलं निवडायचं ते कळलं नाही. गटात कसं कळत होतं?"

माझं डोकं फिरलं. मी तशीच गटाच्या खोलीत गेले आणि सगळे नियम बाजूला ठेवून पोरांना झाडलं. मागच्या आठवड्यात हेच केलं होतं ना? तेव्हा येत होतं, आता काय झालं? कॉपी करत होता का? कोणाकडून? सगळे खाली बघत होते. हिंदीवाल्याने फरसाणवाल्याला कोपर मारलं. फरसाणवाल्याला हसू आवरेना, आणि त्याचं हसू बघून मी आणखीनच भडकले.

"दीदी, गुस्सा मत होना," तो म्हणाला. "आपका पैर है ना."

"माझा पाय? काय झालं माझ्या पायाला?"

"वो हिलता रहता है. फिर सही आन्सर आता है, तो रुक जाता है."

 मग त्याने करूनच दाखवलं. खुर्चीत माझ्यासारखा ताठ बसला, तोंड दगडासारखं केलं, आणि टेबलाखाली पाय हलवायला लागला. हिंदीवाला म्हणाला, "दो मोल." पाय चालूच. "आधा मोल." पाय चालूच. "पाव मोल." पाय थांबला. सगळे हसले. मान हलवणारे ते तिघंसुद्धा खो-खो हसले. म्हणजे हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक उत्तर टाकायचं, टेबलाखाली बघायचं, पाय चालू असला तर दुसरं टाकायचं. गेले कित्येक आठवडे माझा गट केमिस्ट्री शिकत नव्हता, माझा पाय वाचत होता, आणि त्यात मात्र सगळे पहिल्या वर्गात पास होते.

मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. मी त्या मुलीकडे बघितलं. सगळ्यांत तीच एकटी हसत नव्हती.

"तुलापण माहीत होतं?"

"हो," ती म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. "मला वाटलं असंच शिकतात," ती म्हणाली. "शाळेत पण बाईंच्या तोंडाकडं बघूनच सांगायचो. तुझं तोंड काय समजत नाय. पाय समजतो."

तिच्यावर रागावणार तरी कसं? ती लबाडी करत नव्हती. बाकीच्यांना तो खेळ होता, तिला तो अभ्यास होता. परीक्षेच्या खोलीत कोणाचा पाय नव्हता, म्हणून तिने येतील तेवढी उत्तरं लिहून ठेवली होती आणि कोणीतरी त्यातलं एक थांबवेल म्हणून वाट बघितली होती.

मी मॅडमकडे जाऊन म्हटलं, "मला काढा. माझ्याने हे होणार नाही." मॅडम पेपर तपासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "खुर्ची फिरव." मी उभीच राहिले, तेव्हा त्यांनी वर बघितलं. "अगं, तोंड भिंतीकडे कर आणि बस. काढायला काय, तुला काढून दुसरी बसवली तर ती भुवई उडवेल."

मग मी खुर्ची फिरवली. माझी पाठ गटाकडे, तोंड खिडकीकडे. खिडकीतून पार्किंग दिसायचं आणि त्यापलीकडे सायलीकडे जाणारे ट्रक. मी ट्रक बघायचे आणि मागे माझा गट बुडायचा. खरंच बुडायचा. आधी एका गणिताला दोन उत्तरं यायची, आता आठ यायची आणि आठही तशीच पडून राहायची. "दीदी, बता दो ना," फरसाणवाला रडवेला व्हायचा. मला ते गणित पाठीतून दिसायचं. उठून, पेन ओढून घेऊन, एका ओळीत संपवावं असं इतकं वाटायचं की मी खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरून ठेवायचे. सत्र परीक्षा जवळ येत होती. तिचं हॉस्टेल माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं, आणि मी काय करत होते, तर ट्रक बघत होते. रात्री जेवण गोड लागत नव्हतं. आई म्हणायची, कोण मरनं का? मी म्हणायचे, अजून नाही.

मग एका दुपारी मागून भांडण ऐकू आलं. हिंदीवाला नेहमीसारखा छाती ठोकून काहीतरी सांगत होता, बाकी सगळे हो-हो करत होते, आणि मधेच एक बारीक आवाज आला: "का?"

तो म्हणाला, "क्यों मतलब? ऐसाच है."

"ऐसाच नाय. का, ते सांग."

तो सांगायला लागला आणि तिसऱ्या वाक्याला अडकला. मग फरसाणवाला त्याच्या मदतीला धावला आणि तोही अडकला. मग तिने सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, मधे कुठे वारली शब्द आला की फरसाणवाला "एटले? मतलब?" करायचा आणि ती परत सांगायची. ते उत्तर चूकच होतं. पण तिने ते एकदाच दिलं आणि एकच दिलं. मी मागे वळले नाही, हा माझ्या आयुष्यातला मोठा पराक्रम असं मी अजून मानते.

लेखीचं असं हळूहळू मार्गी लागत होतं, पण प्रॅक्टिकल बाकी होतं. आणि प्रॅक्टिकलमध्ये नापास झालं तर लेखीत कितीही लिहा, विषय जायचाच. परीक्षेत तिला करावं लागणार होतं ते टायट्रेशन. ज्यांनी केलं नसेल त्यांना सांगते. काचेची एक उभी नळी असते, ब्युरेट, खाली तोटी. तिच्यातून अल्कलीचं पाणी थेंब-थेंब खालच्या फ्लास्कमधल्या आम्लात सोडायचं. फ्लास्कमधलं पाणी नितळ, बिनरंगी असतं, आणि एका थेंबाला ते फिकट गुलाबी होतं. इतकं फिकट की आहे की भास आहे असं वाटतं. तिथे थांबायचं. पुढचा एक थेंब गेला की भडक गुलाबी, आणि गेलं सगळं पाण्यात.

तिचं दरवेळी भडक व्हायचं. मॅडमनी आम्हाला लॅब उघडून दिली होती, तिथे मी तिच्याबरोबर उभी राहायचे. तेव्हा मला दिसलं काय होतंय ते. रंग यायला लागला की ती मान वर करून विचारायची, "बस?" तोटी चालूच. ती माझ्या तोंडाकडे बघायची तेवढ्यात तीन-चार थेंब खाली गेलेले असायचे. मी तिला एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग ओरडले, "अगं, रंग खाली आहे, माझ्या तोंडावर काय बघतेस!" तिने मान खाली घातली. पुढच्या वेळी पुन्हा "बस?" शेवटी मी लॅबच्या बाहेर जाऊन उभी राहायला लागले. आतून आवाज यायचा, "दीदी, बस?" आणि मी बाहेरून ओरडायचे, "मी इथे नाहीये!"

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक होते. उंच, कपाळाला आठ्या, आणि त्या आठ्या मुद्दाम घातलेल्या की जन्मजात ते कळत नव्हतं. लॅब एकच. आधी पहिल्या वर्षाची बॅच, मग आमची. आम्ही व्हरांड्यात वाट बघत होतो. लॅबच्या दाराला काच होती आणि मी अर्थातच तिला नाक लावून उभी होते. बाकीच्या मुली उजळणी करत होत्या. माझं माझ्या परीक्षेत लक्षच नव्हतं.

ती खिडकीजवळच्या टेबलावर होती. तिच्या मागून ऊन येत होतं. परीक्षक तिच्या शेजारी येऊन थांबले नेमके ती शेवटाला आली तेव्हा. डावा हात तोटीवर, उजव्या हातात फ्लास्क, गोल-गोल फिरवत. एक थेंब. फिरवलं. एक थेंब. मग तिने तोटी बंद केली आणि फ्लास्क टाइलवर ठेवला.

 फ्लास्कमध्ये रंगच नव्हता. मी काचेला डोळे चिकटवून बघत होते, पाणी नितळच होतं. आधी दरवेळी जास्त जायचं म्हणून बिचारी घाबरून आधीच थांबली होती. परीक्षकांनी काहीतरी विचारलं. काचेतून ऐकू येत नव्हतं, पण आठ्या दिसत होत्या. तिने मान वर केली, आणि परीक्षकांच्या खांद्यावरून तिची नजर सरळ दाराकडे आली. माझ्याकडे.

मी मान जोरात हलवली. नाही, नाही. आणि बोट वर करून खूण केली: एक थेंब. अजून एक. जगातले सगळे नियम मी त्या क्षणी मोडले असते.

तिने माझी खूण पाहिली. मला खात्री आहे, पाहिली. मग तिने खाली फ्लास्ककडे पाहिलं, जरा वेळ पाहिलं, आणि परीक्षकांना काहीतरी सांगितलं. तोटीला हात लावला नाही. परीक्षकांनी फ्लास्क उचलला, पांढऱ्या कागदावर धरला, खाली ठेवला, आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

मला रडू यायचं बाकी होतं. त्याहून जास्त राग आला होता. एवढं एक सांगितलेलं तिला ऐकता येऊ नये?

ती पास झाली. प्रॅक्टिकलमध्ये चांगलीच, लेखीत काठावर, आणि हॉस्टेलची खोली राहिली. हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण गोष्ट ताणून धरायचा धीर माझ्यात नाही. पण त्या दुपारी निकाल कोणाला माहीत होता? ती लॅबमधून बाहेर आली आणि मी तिचा दंडच धरला.

"मी खूण केली, दिसली नाही?"

"दिसली."

"मग?"

तिने दंड सोडवून घेतला. रागाने नाही, नुसता सोडवला. "तू तं लांब होती, दीदी," ती म्हणाली. "रंग माझ्याजवळ होता."

 तेवढ्यात आमची बॅच आत बोलावली. मला तिचंच टेबल मिळालं. तिचा फ्लास्क धुऊन उपडा घातलेला होता, त्यामुळे तो रंग मी कधीच पाहिला नाही. मी ब्युरेट भरली, फ्लास्क फिरवायला लागले, परीक्षक त्या आठ्यांसकट माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. फ्लास्कमध्ये काहीतरी गुलाबी आल्यासारखं वाटलं, आणि माझी मान आपोआप वर झाली, दाराच्या काचेकडे. काचेत कोणी नव्हतं. ती जेवायला हॉस्टेलवर गेली होती.